बादलीच्या तळाशी राहिलेली वाळू

फेब्रुवारी सरत आला की आमच्या प्रयोगशाळेत डिंकाचा वास सुटतो. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी मी दगडांना नंबर चिकटवतो. कागदाचे चौकोनी तुकडे, एक ते वीस आकडे. खडबडीत पाठीवर सपाट जागा कुठे आहे ते अंगठ्याने चाचपायचं आणि चिठ्ठी दाबून धरायची. वाळूचा दगड डिंक पिऊन टाकतो, चिठ्ठी कोरडी होऊन गळून पडते. संगमरवरावर ती घसरते. काळ्या बेसाल्टवर एकदा बसली की पुढच्या वर्षी नखाने खरवडून काढावी लागते. पुस्तकातली नावं मला नंतर कळली. आधी मी दगड असेच ओळखायला लागलो, कोण डिंक पितो, कोण धरतो, कोण झटकून टाकतो यावरून.

यंदा अकरा मुलं होती. भूशास्त्राची ही शेवटची तुकडी, जूनपासून आमच्या कॉलेजात हा विषय बंद होणार. खिडकीबाहेर कूलर पुसायला काढले होते, जुना वाळा उपसून मैदानात टाकला होता, आणि पलीकडे कुंपणाशी पळस एकटाच पेटल्यासारखा उभा होता. मी कोपऱ्यात घंटी घेऊन उभा. दोन मिनिटं झाली की वाजवायची, मुलं एक टेबल पुढे सरकतात. माझी शाळा आठवीत सुटली. त्यामुळे परीक्षा मला फक्त घंटीवाल्याच्या बाजूने माहीत आहे. तरी दर वर्षी माझ्याच तळहातांना घाम येतो. आदल्या दिवशी नंबर तीनदा तपासतो, घरी गेल्यावर वाटतं सातच्या जागी नऊ लागला असेल, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन पुन्हा पाहतो.

पण यंदाच्या घामाचं कारण नंबर नव्हते. या मोसमात सहा वर्षांपूर्वी मी एक काम केलं होतं आणि त्याबद्दल एक वाक्य खोटं बोललो होतो. ते वाक्य यंदा माझ्यापाशी परत आलं.

मेश्राम सर आमचे विभागप्रमुख होते. वर्गात शुद्ध बोलायचे आणि माझ्याशी बोलताना थेट कामठीचे व्हायचे. मला ते नावाने कधी हाक मारत नसत, ‘कोकण’ म्हणत. "कोकण, खिडकी लाव गा, धूळ येऊन राहिली." मी वेंगुर्ल्याच्या बाजूचा. आमच्याकडे जांभ्याच्या चिऱ्यांच्या खाणी. वडिलांच्या मागोमाग मी चिरे काढायला लागलो आणि शाळा आपोआप बंद झाली, सोडली असं कुणी म्हणालंही नाही. धरमपेठेतल्या एका बंगल्याला कोकणातल्या चिऱ्यांची भिंत पाहिजे होती. ट्रक भरून दगड आला आणि दगड लावायला आम्ही चौघे आलो. भिंत अर्धी झाली होती तेव्हा रस्त्यावर एक स्कूटर थांबली. एक गृहस्थ उतरले, चिऱ्यावर बोटाने टकटक करून म्हणाले, "हा इकडचा नव्हे. कुठला होय हा?"

मी सांगितलं. जमिनीत असतो तोवर हा मऊ असतो, कुऱ्हाडीनेही तासता येतो, आणि बाहेर काढून वारा लागला की वर्षा-दोन वर्षांत घट्ट होत जातो, हेही सांगितलं. कुठला चिरा आतून पोकळ आहे ते मी वाजवून दाखवलं. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "माझ्याकडे पोट्टे तीन वर्षं शिकतात, त्याइले हे नाही सांगता येत. येतोस का माझ्याकडे?"

भिंत संपली, तिघे परत गेले, मी राहिलो. रोजंदारीवर, प्रयोगशाळेत. त्या दिवशी स्कूटर थांबली नसती तर मी आज कुठे असतो, हा विचार मी फार वेळा केला आहे. आमच्या खाणीत आता यंत्रं आली. माझ्याबरोबरच्या दोघांच्या कमरा गेल्या. उपकार म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. सरांनी मला छत दिलं, काम दिलं, आणि त्याहून मोठं म्हणजे मी काही जाणतो हे मला सांगितलं.

माझ्या खोकल्याची गोष्ट तर विभागात अजून सांगतात. पहिल्या वर्षी एक घाबरलेली मुलगी टेबलापाशी रडायला आली होती, म्हणून मी हळूच खोकलो. एकदा. म्हणजे पहिला प्रकार, अग्नीतून आलेला. ती हुशार निघाली, तिला कळलं. पुढच्या वर्षीपर्यंत सगळ्या कॉलेजला कळलं होतं: भाऊ एकदा खोकले तर लाव्ह्याचा, दोनदा खोकले तर गाळाचा, तीनदा खोकले तर दाबाखाली रूप बदललेला. परीक्षा संपल्यावर सर माझ्याकडे न पाहता म्हणाले, "कोकण, तुले फार खोकला झाला गा. पुढच्या परीक्षेपर्यंत बरा करून घे." बस, तेवढंच. मी पुन्हा कधी खोकलो नाही. खरोखरचा आला तरी बाहेर जाऊन खोकायचो.

नागपूर दगडांच्या शिवेवर वसलंय, हे सरांचं आवडतं वाक्य. सीताबर्डीची टेकडी काळ्या बेसाल्टची, तिथून पश्चिमेला सगळा तोच, पार आमच्या सह्याद्रीपर्यंत. पूर्वेला कामठीकडे गेलं की जमीन तांबूस होते, वाळूचा दगड लागतो. रामटेकच्या वाटेला पट्ट्यापट्ट्यांचा जुना खडक आणि संगमरवर. "एका दिवसात सायकलवर तिन्ही जाती पाहून संध्याकाळी घरी जेवायले," असं ते मुलांना सांगत. आणि मग झिजण्याबद्दल बोलायला लागले की त्यांचा आवाज खाली यायचा. बेसाल्ट कांद्यासारखा सुटतो, पापुद्र्यामागून पापुद्रा, आतला गोटा शेवटपर्यंत काळा. कापसाची काळी माती म्हणजे रिटायर झालेला बेसाल्ट. पट्ट्यांच्या खडकात निरनिराळे कण शेजारी शेजारी राहतात, पण उन्हात सगळे सारखे फुगत नाहीत. दिवसा फुगायचं, रात्री आकसायचं, असं करत करत एक दिवस ते एकमेकांना सोडतात. वाळूच्या दगडात कण चांगले पक्के असतात, त्यांना धरून ठेवणारं लोखंडाचं आणि मातीचं लुकण तेवढं कच्चं. चुनखडी आणि संगमरवर यांना आंबट पाणी चालत नाही, ते विरघळतात. आणि जांभा? सर माझ्याकडे बोट दाखवायचे. "पावसानं सगळं धुऊन नेल्यावर जे उरते तो जांभा. याच्या गावचा."

तेव्हा मुलं वळून माझ्याकडे पाहायची. मला फार अभिमान वाटायचा. आज वाटतं, जे उरतं ते चांगलंच असेल असं सर कुठे म्हणाले होते?

विभागाच्या गच्चीवर जाळीची एक चौकट होती. वानरांनी नेऊ नये म्हणून वरून कुलूप. तिच्यात सरांनी दगडाच्या चौकोनी वड्या ठेवल्या होत्या, संत्रा बर्फीच्या मापाच्या. बेसाल्ट, वाळूचा दगड, चुनखडी, संगमरवर, पट्ट्यांचा खडक. प्रत्येकाच्या नऊ वड्या. ठेवण्याआधी प्रत्येकीचं वजन करून वहीत लिहिलेलं, पाठीवर नंबर कोरलेला. दर दोन वर्षांनी प्रत्येक दगडाची एक वडी खाली आणायची आणि वजन करायचं. नागपूरचं ऊन, पाऊस, धुकं यांत दगडाचं किती गेलं, ते ग्रॅमच्याही खालच्या हिशेबात कळायचं. आमच्या मजल्यावर झाडायला येणारी ताराबाई त्यांना विचारायची, "सर, यंदा बर्फी वाळली का जी?" सर म्हणायचे, "अजून ओली आहे वं ताराबाई."

हेच त्यांचं आयुष्याचं काम. दुसरे प्राध्यापक परदेशी जायचे, पुस्तकं लिहायचे. सर दोन वर्षांतून एकदा पाच वड्या खाली आणायचे. भिंतीवर त्यांनी आलेखाचा कागद लावला होता, त्यावर प्रत्येक दगडाची एक रेघ. आठ ठिपक्यांची, इतकी सावकाश चढणारी की चढते आहे हे कळायला डोकं तिरपं करावं लागे. नववा ठिपका अठराव्या वर्षाचा. तो लागला की सर निवृत्त होणार होते.

तो मोसम मला तासातासाने आठवतो. परीक्षेचाच आठवडा. मला कायम करण्याची फाइल त्याच दिवसांत फिरत होती आणि तिच्यावर विभागप्रमुख म्हणून सरांचा शेरा लागणार होता. बाहेरचे परीक्षक येणार, त्यांच्याबरोबर प्राचार्य विभाग पाहणार, असं कळलं होतं. सरांचे गुडघे दुखत होते, म्हणून म्हणाले, "कोकण, वरच्या शेवटल्या पाच वड्या उतरवून ठेव. हात लावू नको त्याइले. परीक्षा झाली का वजन करू."

मी उतरवून आणल्या. अठरा वर्षांचा काळपट हिरवा थर, बुरशीचे डाग, पाखरांची घाण. खिडकीपाशी टेबलावर ठेवल्या आणि मला त्या बघवेनात. आमच्याकडे पावसाळा उलटला की पहिलं काम म्हणजे जांभ्याच्या पायऱ्या तारेच्या ब्रशने घासायच्या. दगडावर शेवाळ ठेवलं तर येणारा-जाणारा बाईमाणसाला नावं ठेवतो. माझी आई ताप अंगावर घेऊन पायऱ्या घासायची. घासलेला दगड म्हणजे घर जागेवर आहे, हे माझ्या हातांनाच माहीत होतं. मोठे साहेब येतील, पाहतील आणि म्हणतील, हा परिचर कसला, टेबलावर घाण ठेवतो. सर मान खाली घालतील.

मी बादली भरली. तारेचा ब्रश घेतला. डाग निघेनात तेव्हा चुनखडी ओळखायला टाकतो ते अ‍ॅसिड मोठ्या बाटलीतून ओतलं, थोडं पाणी घातलं.

ताराबाई दारात उभी राहिली. "कायले एवढं घासून राहिले भाऊ? दगडाचं लगीन आहे का?"

"परीक्षक यायचेत ताराबाई."

"मग त्याइले घासा ना."

मी हसलो. हात चालूच होते. संगमरवर फसफसून फेसाळला, चुनखडीही. बेसाल्टवरचा तांबूस पापुद्रा निघून खाली स्वच्छ काळा आला. केवढा सुंदर दिसला तो! सगळ्या वड्या धुऊन मी उन्हात मांडल्या आणि बादली ओतायला मोरीपाशी गेलो. पाणी गेलं. तळाशी तांबडी वाळू राहिली, चिमूटभर, कुंकवासारखी.

सात वर्षं मी त्या विभागात होतो. सरांचं प्रत्येक व्याख्यान दाराआडून ऐकलेलं. ती वाळू वड्यांच्याच अंगातून, त्यांच्या वजनातून गेली, हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. मी बादलीत आणखी पाणी घेतलं, फिरवलं आणि ती वाळूही ओतून दिली.

वजनाच्या दिवशी सरांनी काट्याची काच तीनदा पुसली. संगमरवराची वडी ठेवली, आकडा पाहिला, काढली, परत ठेवली. मग माझ्याकडे वळले. "कोकण, याले पाणी लावलं का तू?"

"नाही सर."

"घासलं काही?"

"फडक्यानं धूळ झटकली फक्त."

"नुसती धूळ?"

"हो सर."

ताराबाई तिथेच फरशी पुसत होती. तिचं फडकं थांबलं, मग पुन्हा फिरायला लागलं.

सरांनी भिंग घेतलं. संगमरवराचा पृष्ठभाग कितीतरी वेळ पाहत राहिले. अ‍ॅसिडने खाल्लेला दगड त्यांनी बरोबर ओळखला. हीच तर गंमत. त्यांची नजर चुकली नव्हती. दगडाला अ‍ॅसिड लागलंय हे त्यांना दिसलं, आणि माझ्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला, म्हणून मग ते अ‍ॅसिड आभाळातूनच आलं असलं पाहिजे. "हवा बदलली रे," ते हळूच म्हणाले. "गेल्या दोन वर्षांत हवा बदलली. शहराची हवा दगड खाऊन राहिली." नववा ठिपका त्यांच्या कागदावर मावेना. त्यांनी वर दुसरा कागद जोडला.

मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. वाईट बातमीचा आनंद, पण आनंदच. निवृत्तीला आलेल्या माणसाला शेवटच्या दिवसांत काहीतरी सापडलं होतं. त्यांनी एका परिषदेत निबंध वाचला. शास्त्राच्या एका नियतकालिकात तो छापून आला. निरोपाच्या समारंभात प्राचार्य त्याच्याबद्दल बोलले. निबंधाच्या शेवटी आभार होते, आणि आभारांत माझं नाव. नमुन्यांची अठराव्या वर्षी निगुतीने काळजी घेतल्याबद्दल. छापलेलं माझं नाव मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. त्याचा फोटो घरी पाठवला. आईने शेजारच्या मुलीकडून वाचून घेतला आणि फोनवर ओरडली, "सदा, तुजा नाव छापून इला रे! जेवलंस मा?"

मी जेवलो नव्हतो.

त्या उन्हाळ्यात मी कायम झालो.

झीज कशी होते ते मला पाठ आहे. पण दगडाबाहेर ती कशी होते हे मी स्वतःवर शिकलो. पहिल्या वर्षी रोज वाटायचं आज सांगू. मग परीक्षेच्या मोसमात वाटायचं. मग सरांना भेटून आल्यावर फक्त. डिंकाची बाटली उघडली की ते वाक्य आठवायचं आणि चिठ्ठ्या लावून झाल्या की विसरायचं. शेवटी तर अशी वर्षं गेली की मी तो निबंध खरा मानूनच चाललो होतो. पाहुण्यांना वड्या दाखवताना मीच सांगायचो, "बघा, हवेने काय केलं." माझ्या तोंडून ते इतकं सरळ यायचं की मला स्वतःची भीती वाटावी. खडकातल्या कणांना तरी एकमेकांना सोडताना आवाज होतो, सर म्हणायचे, वाळवंटात रात्री ऐकू येतो. माझ्यात काही आवाज झाला नाही.

यंदा जानेवारीत पुण्याहून एक मुलगी आली. संशोधन करते. सरांचा निबंध तिने वाचला होता आणि त्याच्यावर तिला पुढचं काम उभं करायचं होतं, तीन वर्षांचं. विषय बंद होतोय म्हटल्यावर तिने विभागाकडे वड्या मागितल्या, विभागाने दिल्या. खोक्यांवर तिने आपल्या नावाच्या चिठ्ठ्या लावल्या. परीक्षा झाली की नेणार होती, मोठ्या यंत्राखाली पाहायला. जाताना मला म्हणाली, "काका, तुम्ही ज्या पद्धतीने जपलंत ना हे, त्यामुळेच मला काम करता येतंय."

ती गेल्यावर ताराबाई झाडू टेकून उभी राहिली. सहा वर्षांत तिने तो विषय काढला नव्हता. "मी तोंड नाही उघडलं भाऊ, नाही उघडणार," ती म्हणाली. "पण ही पोरगी माझ्या लेकीच्या वयाची आहे. तिचे तीन वर्षं कायले वाया घालवता जी?"

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी मी कामठीला गेलो. शेअर ऑटोत पाचवा बसलो होतो. मला स्वतःबद्दल चांगलं काही लिहायचं नाही, म्हणून हेही लिहितो: मी खरं सांगायला निघालो होतो की यंत्राने पकडण्याआधी पोचायला निघालो होतो, ते मला त्या ऑटोत कळलं नाही आणि अजून कळलेलं नाही. तारेच्या ब्रशचे ओरखडे यंत्राला दिसतीलच, हे मला ठाऊक होतं.

सर पडवीत खुर्चीवर होते. हात कापतात आता त्यांचे, कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. मला पाहून खुलले. "ये गा कोकण. त्या पोरीचा फोन आला होता मले. वड्या घेऊन चालली म्हणते. माझं काम पुढे जाऊन राहिलं बाप्पा, अजून काय पाहिजे?" मग आत पाहून, "अवं, कोकण आला. चहा टाक."

काकूंनी चहा आणून ठेवला आणि त्या आत गेल्या. मी स्टुलावर बसून सगळं सांगितलं. ब्रश, बादली, बाटली, वाळू. आणि ते वाक्य.

सर रागावतील, रडतील, उठून आत जातील, असं सगळं मी धरून गेलो होतो. त्यांनी विचारलं, "कोणतं अ‍ॅसिड?"

"चुनखडीवर टाकतो तेच सर. मोठ्या बाटलीतलं."

"पाणी किती घातलं?"

"थोडं."

"थोडं म्हणजे किती गा?"

"आठवत नाही."

"किती वेळ ठेवलं?"

"घासत होतो तेवढा वेळ. अर्धा तास. जास्तही असेल."

"सगळ्याइले एकाच बादलीत?"

"एकाच."

त्यांचे ओठ हलत होते. मला कळलं, ते वजाबाकी करत होते. अ‍ॅसिडने किती नेलं ते कळलं तर ते वजा करून अठराव्या वर्षाचा खरा आकडा अजूनही काढता आला असता. एकेका प्रश्नात त्यांनी मला शक्य तेवढी वाट काढून दिली, पण पाण्याचं माप मला आठवत नव्हतं आणि वेळ नुसता अंदाजाचा होता. ओठ थांबले.

"नाही निघत," ते म्हणाले.

रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली. आत काकू कुणाशी तरी फोनवर हसत होत्या.

"तेव्हाच काहून नाही सांगितलं गा?"

"फाइल होती सर. मला वाटलं, तुम्ही सही करणार नाही."

सरांनी कप खाली ठेवला. "सही तर मी सोमवारीच केली होती. वड्या उतरवायले सांगितलं त्याच्या आधी. फाइल गेली होती विभागातून." मग म्हणाले, "तुले सांगायचं राहिलं. परीक्षेच्या गडबडीत."

सहा वर्षं मी जे जपत होतो ते त्या दिवशी आधीच माझं झालेलं होतं.

"आठ ठिपके तरी खरे आहेत, सर," मी म्हणालो. म्हणायला नको होतं.

"आठ ठिपक्याची रेघ सरळ आहे रे," ते म्हणाले. "सरळ रेघ कोणी छापत नाही."

मग त्यांनी कागद मागितला. हात चालत नाही म्हणून मला लिहायला सांगितलं. त्या मुलीच्या नावाने. सर सांगत गेले, वर्गातल्यासारखं शुद्ध, सावकाश. अठराव्या वर्षाच्या नोंदी ग्राह्य धरू नयेत. त्यावर आधारलेला निष्कर्ष चुकीचा आहे आणि मी तो मागे घेतो. इथवर मी लिहिलं. माझं अक्षर आठवीतलंच राहिलं आहे, ओळ वर चढत जाते. पुढचं वाक्य त्यांनी सांगितलं, "नमुने गच्चीवरून उतरवताना माझ्याकडून हयगय झाली."

मी मान वर केली. ते रस्त्याकडे पाहत होते.

"सर, तुमच्याकडून नाही झाली."

"लिही. तुझी नोकरी आहे अजून वीस वर्षं."

मी लिहिलं. पण ते वाक्य नाही लिहिलं. मी लिहिलं की नमुने मी, परिचर सदानंद, तारेच्या ब्रशने आणि अ‍ॅसिडने घासले, विचारल्यावर नाही म्हणालो, आणि सरांना हे आजपर्यंत माहीत नव्हतं. तीन ओळी झाल्या. त्यांनी सांगितलेल्या एका वाक्यापेक्षा पेन पुष्कळ जास्त वेळ चालत होतं. त्यांना ते ऐकू येत असलं पाहिजे. ते वळले नाहीत.

कागद त्यांच्या मांडीवर ठेवला, खाली वही दिली. चष्मा खुर्चीच्या हातावर होता, बोटभर अंतरावर. त्यांनी तो घेतला नाही. मी दाखवलेल्या जागी पेन टेकवलं, दुसऱ्या हाताने मनगट धरलं आणि सही केली.

"वाचून घ्या ना सर," मी म्हणालो.

"काय वाचायचं त्यात," ते म्हणाले आणि कागद माझ्याकडे सरकवला.